रस्त्याकडची वांगी

मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत सेफ्टी बघतो. म्हणजे दिवसभर लोकांवर ओरडतो. हेल्मेट कुठंय, गॉगल कुठंय, हातमोजे का काढले? कारेगावातली माझी खोली आणि निमोण्यातलं आमचं वांग्याचं रान यांत फार अंतर नाही, पण तेवढ्यात माझ्या शब्दाची किंमत शून्य होते. कारण रानात आप्पा असतात, म्हणजे माझे वडील. पाठीवर पंप, अंगात बनियन, पायांत काही नाही. औषध बादलीत कालवायचं तेही हातानं.

गेल्या पौषात फवारता फवारता त्यांना चक्कर आली, दोन उलट्या झाल्या. फोनवर म्हणाले, "ऊन लागलं जरा." सकाळचे आठ वाजले होते आणि मी खोलीत स्वेटर घालून बसलो होतो. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. पुन्हा असं झालं आणि रानात जवळ कुणी नसलं तर? रविवारी मास्क, गॉगल, हातमोजे घेऊन घर गाठलं.

"तीस वरसं मारतोय," आप्पा म्हणाले. "अंगाला सवय झालीया. वर गुळाचा खडा खाल्ला की उतरतंय."

"मग उलटी कशानं झाली?"

"गूळ संपला व्हता."

अर्धा तास डोकं खाल्ल्यावर खरं कारण बाहेर आलं. आमचं रान रस्त्याला लागून. शिरूरकडं जाणारे गाडीवाले थांबून ताजी वांगी घेतात. "ह्ये सोंग घालून हुभा ऱ्हायलो तर मानसं म्हनतील, जहर मारतोय. मग कोन थांबंल?"

मीही हट्टाला पेटलो. शेवटी एक पंप मारेपर्यंत घालतो, यावर तह झाला. आप्पांनी मास्क चढवून फवारायला सुरुवात केली आणि नेमकी तेव्हाच एक कार थांबली. बाई उतरल्या आणि आप्पांना वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागल्या.

"मामा, हे काय मारताय?"

आप्पांनी घाईघाईनं मास्क हनुवटीवर ओढला. "अळीचं हाय, ताई. मानसाला काय व्हत न्हाई."

"तुम्ही घरी कुठली खाता?"

आप्पा खोटं बोलण्यात कच्चे. त्यांची नजर विहिरीकडं गेली. तिथल्या दोन सऱ्या घरच्यासाठी. त्यांवर आम्ही फवारत नाही. गावात बहुतेकांच्या रानात अशा सऱ्या असतात आणि त्यांचा विषय कुणी काढत नाही. बाई तडक तिकडं गेल्या, चार किलो वांगी तोडून घेतली आणि मागून थांबलेल्या दोन गाड्यांनाही तीच वाट दाखवली. दुपारपर्यंत विहिरीकडच्या सऱ्या साफ झाल्या. "आन् घाल अजून मास्क!" आप्पा माझ्यावर खेकसले.

संध्याकाळी आईनं भरली वांगी वाढली. आप्पांनी भाकरी मोडली आणि थांबले.

"ही कुठली?"

"रस्त्याकडची. घरची संपली न्हवं?"

"आगं, आज सकाळीच मारलंय त्याच्यावर!"

"तुम्हीच म्हंता की, मानसाला काय व्हत न्हाई."

सेफ्टीवाला मी, ऐकण्याच्या नादात घास तोंडाशी नेला होता. आप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि ताट स्वतःकडं ओढून घेतलं.

"तू खाऊ नगं."

मला हसू येत होतं, ते तिथंच थांबलं. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. माझ्या पोटात एक घास जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती, आणि स्वतः मात्र तीस वर्षं तेच औषध उघड्या अंगावर घेत आले होते. मला फार वाईट वाटलं.

आई आतून पिठल्याचं पातेलं घेऊन आली. ते तिनं आधीच करून ठेवलं होतं. तिघंही तेच जेवलो. हात धुताना आप्पा माझ्याकडं न बघताच म्हणाले, "त्यो मास्क कुठं ठिवलाय?"