मामेसासरे आणि मामींची कढई

मेट्रोच्या तपासणी यंत्रातून रिकामी लोखंडी कढई माझ्या मामेसासऱ्यांपेक्षा जास्त वेळा कुणी पार केली असेल, तर त्या माणसाला मला एकदा भेटायचंय. सलग तीन शनिवार मामा गुडगावहून दिल्लीला गेले. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत मामींची लग्नापासूनची कढई. यंत्रापाशी जवान हमखास अडवायचा. "अंकल, इसमें क्या है?" "कढ़ाई है." "और कढ़ाई में?" "कुछ नहीं. वही तो प्रॉब्लम है." प्रॉब्लम असा, की बाजारातल्या साऱ्या इंडक्शन शेगड्या सपाट आणि मामींच्या कढईचं बूड गोल. खोलगट खळग्याची शेगडी मिळते असं मामांनी फोनवर पाहिलं होतं. दुकानात शिरायचं, खोकं उघडायला लावायचं, खळग्यात कढई ठेवायची, तर्जनीनं कडेला हळूच टिचकी मारायची आणि कढई जरा डुगडुगली की "रिजेक्ट" म्हणून बाहेर पडायचं. तिसऱ्या शनिवारी करोलबागेत एका शेगडीत ती नीट बसली. मामांनी दुकानदाराशी हात मिळवला आणि त्याला पेढा आणून दिला.

एवढा अट्टाहास कशासाठी, हे फक्त मला आणि माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं. मामींचं हल्ली विसरणं वाढलंय. दोनदा त्या गॅस चालू ठेवून खाली बागेत जाऊन बसल्या. दुसऱ्या वेळी मामा दूध घेऊन परतले तेव्हा घरभर धूर होता. गॅस ठेवायचा नाही हे त्याच दिवशी ठरलं. पण चाळीस वर्षं त्या ओट्यावर राज्य केलेल्या बाईला "आता तुला झेपत नाही" असं सांगायचं कुणी? मामांनी सांगितलंच नाही. उलट एका सकाळी जाहीर केलं, "रिटायर झालोय, वेळ जात नाही. मी आता इंडक्शनवर स्वयंपाक शिकणार. बिल्कुल नवीन टेक्नॉलॉजी. तू फक्त शिकव." मामींनी कपाळावर हात मारला आणि कढई तेवढी माझीच राहील, अशी अट घातली.

शिकाऊ उमेदवार म्हणून मामा म्हणजे भलताच प्रकार. तीस वर्षं ते मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात होते. चूक कुठं झाली आणि कुणी केली, हे शोधून त्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय हा माणूस जेवायला बसत नसे. घरीसुद्धा पोळी करपली तर विचारायचे, "कुठल्या स्टेजला गेली ही?" आता स्वतः कढईपुढे उभे राहिले ते डोळ्यांना कारखान्यातला चष्मा लावून, गळ्यात स्टॉपवॉच आणि हातात वही घेऊन. मामी ओट्याशेजारी स्टुलावर बसून सांगायच्या, "मंद आचेवर परता." मामा पेन सरसावून, "मंद म्हणजे किती वॅट?" "मंद म्हणजे मंद." "अगं, काहीतरी आकडा असेल ना!" "कांदा सांगतो तो आकडा. त्याच्याकडे बघा." मामांनी वहीत काय लिहिलं कोण जाणे, पण त्यानंतर ते खरोखरच कांद्याकडे टक लावून बघत उभे राहायला लागले.

हॉटेलातल्या खानसाम्यांसारखी कढई उचलून पदार्थ हवेत उडवायची त्यांना फार हौस. पण खळग्यातून कढई उचलली की ती शेगडी ठणाणा ओरडते. तिच्या ओरडण्यानं दचकून मामांनी एकदा निम्मे पोहे फ्रिजवर चढवले. शिवाय आमच्याकडची वीज! ती गेली की सोसायटीचा जनरेटर सुरू होतो, पण त्याच्यावर ही शेगडी लावली की सगळ्या घराचा खटका पडतो. आम्हाला वडे खायला बोलावलं होतं तेव्हा पहिला घाणा कढईत असतानाच वीज गेली. पंधरा मिनिटं मामा तेलावर झाकण धरून उभे होते आणि आम्हाला धीर देत होते, "प्रोसेस थांबलीये फक्त. माल सेफ आहे." माल आम्ही नंतर खाल्ला. दातांना व्यायाम झाला.

त्याच जेवणाच्या वेळी माझी जीभ घसरली. मामींना वाढता वाढता मी बोलून गेले, "बरं झालं मामी, गॅस गेला ते. आता तुमच्या मागची काळजी मिटली." मामींचा हात पानावरच थांबला. "माझ्या मागची? कसली काळजी?" नवऱ्यानं टेबलाखालून माझा पाय दाबला. तेवढ्यात मामा खोखो हसत म्हणाले, "अगं, हिला वाटलं तू चालू ठेवलास गॅस! सूनबाई, मी तो. दोन्ही वेळा मीच. चहा ठेवला आणि गेलो फिरायला. यार, धूर केवढा झाला होता!" दुसऱ्याची चूक जन्मात स्वतःच्या नावावर घेतली नाही त्या माणसानं, आणि त्या दिवशी दोन्ही एका दमात घेतल्या. मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग वडा मोडून खायला लागल्या.

निघताना मामींनी मला आतल्या खोलीत ओढलं आणि दार लोटून घेतलं. "त्यांना काही बोलू नकोस हं. हल्ली फार विसरतात. म्हणून तर मी हे शेगडीचं खूळ चालू दिलं. रोज स्टूल टाकून बसते ना मी तिथं, लक्ष असतं माझं." मी मान डोलावली. लिफ्टपाशी मामांना हळूच हे सांगितलं, तर त्यांचा चेहरा असा खुलला की नोकरीत बढती मिळाली तेव्हाही खुलला नसेल. "असंच समजू दे तिला," म्हणाले. "बिल्कुल असंच."

याला आता वर्ष होऊन गेलं. मामांचा हात चांगला बसलाय, चष्मा आणि स्टॉपवॉच दोन्ही गेली. मामी स्टुलावर असतातच, पण आता एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. गेल्या रविवारी कारल्याची भाजी होती. "गूळ घातलात?" मामांनी घातला होता, मी पाहिलं होतं. तरी म्हणाले, "अरेच्चा, राहिलाच की!" आणि एक खडा टाकला. जरा वेळानं मामींनी पुन्हा विचारलं. "बघ, तू आहेस म्हणून," म्हणत मामांनी आणखी एक टाकला. असं चारदा झालं आणि चारही वेळा मामींच्या तोंडावर इतकं समाधान होतं की मला बघवेना. ती भाजी पानात आली तेव्हा तिच्यात कारलं होतं हे सांगावं लागलं असतं. मी आणि नवऱ्यानं ती दोनदा मागून घेतली.