लाल फुलीची वाटी

आता हसायचं तर हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा.

कतारमध्ये, दोह्यात तेव्हा मी एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आलेला माल तपासायचो. पाइप, व्हॉल्व्ह, असलंच सगळं. खोट दिसली की लाल रंगाची फुली. पवारच्या नजरेतून वाकडा माल सुटत नाही, असा माझा लौकिक होता. म्हणजे मीच तसं सांगत फिरायचो.

कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं. पुढची दोन वर्षं मिळणार की सामान बांधून साताऱ्याला परत, हे आमचे जपानी मॅनेजर मोरीसान यांच्या सहीवर होतं. म्हणून मी जरा जास्तच कडक झालो होतो.

अशात जपानच्या मालात एक लाकडी पेटी निघाली. वर जपानी अक्षरं, मला काय कळणार? आत मातीची मोठी वाटी. तोंड वाकडं, एक बाजू करपलेली, अंगावर राख वितळून चिकटलेली. आमच्या गावचा कुंभार असला माल उकिरड्यावर फेकेल. मी रिपोर्ट लिहिला, 'आकार सदोष, भाजणी जास्त', आणि वाटीवरच ठसठशीत फुली मारली. ऑइल पेंट बरं का!

तेवढ्यात साहेबांचे ड्रायव्हर, रत्नागिरीचे इक्बालभाई, पेटी न्यायला आले. फुली बघून त्यांनी झाकण परत लावलं.

"पवार, खलास! ही साहेबांची चहाची वाटी. त्यांच्या भावानं पाच दिवस लाकडाच्या भट्टीत भाजलीय. त्या राखेसाठीच तर एवढा खटाटोप करतात ते लोक."

मी घाईघाईनं चिंधी घेतली. रॉकेलनं पुसलं, तर रंग खडबडीत मातीत आणखी मुरला.

मोरीसानांनी वाटी फिरवून पाहिली, रिपोर्ट शांतपणे वाचला आणि भावाला पाठवून दिला. पुढे महिनाभर मला अन्न गोड लागेना.

मग भावाकडून दुसरी पेटी आली. सोबत निरोप, मिस्टर पवारांनीच तपासावी.

मी काय वेडा आहे? पेटी न उघडताच पासचा शिक्का मारला.

साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर माझं कॉन्ट्रॅक्ट. नव्या वाटीत त्यांनी हिरवा चहा ओतला आणि तो खालून सरळ माझ्या कॉन्ट्रॅक्टवर पसरला. वाटी प्रवासात तडकली होती.

"मिस्टर पवार, ही पास?"

मी खिशातला रुमाल काढून कागद टिपू लागलो. त्यांनी ओल्या कागदावर काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं आणि सही केली.

दोन वर्षं मिळाली हो! फक्त 'इन्स्पेक्टर' खोडून 'पँट्री' केलं होतं. रोज दहा वाजता साहेबांना चहा द्यायचा. त्याच लाल फुलीच्या वाटीतून.