तिसरा नको

माझं लग्न एका इंग्रज बाईनं ठरवलं, आणि तिला मराठीतला एकच शब्द येत होता. तोही मीच शिकवलेला.

त्याचं असं झालं. आमचे बाबा घाटातल्या रेल्वेच्या कामाला दगड पुरवत. सायबांची कामं पाहून पाहून त्यांच्या मनानं घेतलं की आपला मुलगा विलायतेत जाऊन इंजिनेर झाला पाहिजे. म्हणून कर्जत सोडून मी थेट इंग्लंडात मिसेस बिग्ज नावाच्या एका विधवा बाईंकडे भाडेकरू म्हणून जाऊन पडलो. बाई मोठ्या मायाळू. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी बटाट्यांचा वाडगा पुढे केला आणि मी आईनं लावलेल्या वळणाप्रमाणे नको म्हणालो. आपल्याकडे पहिला नको रीतीचा, दुसरा लाजेचा. तिसऱ्याला यजमान ऐकूनच घेत नाही, ताटात वाढून मोकळा होतो. बाईंनी मान डोलावली आणि वाडगा उचलून कपाटात ठेवला!

कित्येक दिवस मी त्या बंद कपाटाकडे बघत पाणी पिऊन झोपत होतो. शेवटी लाज सोडली आणि त्यांना आपली रीत नीट समजावली. त्यांना रडूच कोसळलं. या पोराला आपण उपाशी ठेवलं म्हणून त्या स्वतःला दोष देऊ लागल्या. मग माझ्याकडून 'नको' हा शब्द त्यांनी घोकून घेतला, आणि त्या दिवसापासून त्या घरात माझ्या नकाराला काडीची किंमत उरली नाही. तिसरा नको तोंडातून निघायच्या आत ताटात पुडिंग पडे. परतीच्या बोटीवर चढताना माझ्या कोटाची बटणं लागत नव्हती. निघताना मी म्हणालो, एकदा कर्जतला या. (असं आपण सगळ्यांनाच म्हणतो. कुणी येत नाही.)

घरी आल्यावर समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त झालं, गावजेवण झालं, पण मला मुलगी कुणी देईना. मला तर एकच मुलगी हवी होती. खालापूरच्या पाटलांची सोना. भरल्या पाताळगंगेतून बैल हाकत तिला काठावर येताना मी पाहिलं होतं आणि त्यानंतर माझं कशातच लक्ष लागत नव्हतं. बाबांनी चार माणसं मध्ये घालून पाटलांना कसंबसं बोलणी करायला आणलं. पाटील बसले ते मिशीवर हात ठेवूनच. समोर ताटात नारळ. जमलं तर त्यांनी तो उचलायचा, एवढंच बाकी होतं.

आणि नेमकी त्याच वेळी दारात बैलगाडी थांबली. गाडीतून मिसेस बिग्ज उतरल्या! त्यांचा भाचा मुंबईला नोकरीत होता. तो त्यांना थंड हवेला माथेरानला घेऊन निघाला होता आणि वाट वाकडी करून बाई हट्टानं माझ्याकडे आल्या होत्या. मडम बघायला अर्धं गाव त्यांच्या मागून आलं. मी घाईघाईनं बाईंना खुर्ची दिली आणि गप्प बसायची खूण केली. पाटलांची मुद्रा आणखीच आंबट झाली. सायबाच्या घरात जेवलेल्या पोराला मुलगी कशी द्यायची, हे त्यांनी गावासमोर बोलून दाखवलं.

बाबांनी ताट पुढे सरकवलं. "नारळ घ्या पाटील. मनात काय ठेवू नका."

"नको."

मिसेस बिग्ज खूश झाल्या. त्यांनी हळूच एक बोट उघडलं. बाबांनी पुन्हा विनवलं, पाटलांनी पुन्हा नको म्हटलं, आणि बाईंनी दुसरं बोट उघडलं. त्यांना थांबवायला मी इंग्रजी शोधत होतो, आणि इतक्या वर्षांत शिकलेलं सगळं इंग्रजी नेमकं तेव्हाच पळालं होतं.

"एकदा सांगितलं ना, नको!" पाटील कडाडले.

बाबांनी हताश होऊन ताट मागे ओढलं. पाहुणा तिसऱ्यांदा नको म्हणाला आणि यजमान ताट मागे घेतो, हे बाईंना बघवेना. त्या ताडकन उठल्या, नारळ उचलून पाटलांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांचा हात धरून गदागदा हलवला. "पाटलानं नारळ घेतला रं!" दारातून कुणीतरी ओरडलं. बायका साखर घेऊन धावल्या. पाटलांचं तोंड उघडंच होतं. त्यात पहिली चिमूट पडली.

पाटील बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिले. खालापुरात कुणाच्या बापाचा हात मडमेनं हातात घेतला नव्हता. मिशी हळूहळू वर चढली.

"बरं, झाली सोयरीक," ते म्हणाले. "पन मडम लग्नाला पायजे."

बाई आल्या. नवरदेवाचा घोडा गावाच्या शिवेवर उभा होता. पाटलांनी मानानं बाईंना त्यावर बसवलं. बाई शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या, ऐटीत बसल्या. ऊन कडक होतं. मी मुंडावळ्या सावरत, त्यांच्यावर छत्री धरून अख्ख्या खालापुरातून घोड्याबरोबर धावत होतो. दारात बायकांनी बाईंनाच आधी ओवाळलं. अंतरपाट दूर झाला. सोनानं माझ्या गळ्यात हार घातला आणि मान खाली ठेवूनच हळूच विचारलं, "छत्रीचं काम कायमचं हाय, का लग्नापुरतं?"