दोनदा सांगितलेला रस्ता

आमचे हे कारखान्यात होते. तिथे हातोड्यांचा इतका आवाज, की एकदा बोललेलं ऐकू जात नसे. म्हणून तिथले लोक सगळं दोनदा बोलत. एक हरवलं तर दुसरं पोचावं. घरीही ह्यांचं "मीठ दे, मीठ दे" चालायचं. मुलगी हसायची, "बाबा, इथं कुठं मशीन चालून राहिली?"

मला रस्ता विचारायची लाज वाटते. बहीण महाराजपूरला राहायला गेली तेव्हा ह्यांनी माझ्या मोबाइलमध्ये आपल्या आवाजात रस्ता भरून दिला, सवयीने प्रत्येक वळण दोनदा सांगत. मुलगी म्हणाली, "आई, नकाशा आहे न त्यात. वर सॅटेलाइट असतात, बरेच मिळून सांगतात. एक चुकला तर बाकीचे सांभाळून घेतात." पण नकाशातली बाई बोलली की मी गोंधळते. मी ह्यांचंच ऐकत जायची.

हे वारले. तोवर रस्ता पाठ झाला होता, तरी मी ऐकतच जायची. मुलीने बजावलं होतं, आवाज दोन जागी ठेव. मी दोनदा ठेवला, पण मोबाइलच्या एकाच कार्डात. कार्ड बिघडलं.

"किल्ली अन् तिची जोडी एकाच डब्यात ठेवते का कोणी? काहून असं केलं, आई?" मुलगी रडकुंडीला आली. मी कार्ड घेऊन दुकान गाठलं.

मोबाइलवाल्याने जमेल तेवढं काढून दिलं. "दीदी, बस इतना ही निकला."

ऐकलं. "टाकीपासून डावीकडे," मग खरखर. पुढे खरखर, मग "निळं फाटक." जिथे पहिलं बुडालं तिथे दुसरं उरलं, जिथे दुसरं बुडालं तिथे पहिलं. रस्ता पूर्ण सापडला.

फाटकानंतर हे आणखी काही बोलले होते. ते रस्त्याचं नव्हतं, माझ्यासाठी होतं. तेवढंच एकदा बोललो, असं ह्यांनीच नंतर सांगितलं होतं. हे भरत होते तेव्हा मी लाजून स्वयंपाकघरात निघून गेले होते. नंतर दर वेळी, बहिणीच्या घरचे ऐकतील म्हणून, फाटकापाशी बंद करत आले. उद्या ऐकू, असं वाटायचं.

काल गेले. निळ्या फाटकाशी उभी राहिले, बंद केलं नाही. नुसती खरखर. तिच्या खाली श्वास घेतल्यासारखं काहीतरी होतं.

बहिणीने फाटक उघडलं. "काय खरखरून राहिलं गं? ये न आत."

"थांब," मी म्हटलं. "ह्यांचं बोलणं संपलं नाही अजून."