कुकडीच्या कुंडातला खडक

दौंडच्या रेल्वे शेडात, इंजिनांच्या आवाजात नोकरी झाल्यामुळे आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कान कामातून गेले होते. निवृत्तीनंतर त्यांना जुनी ठिकाणं बघायचा नाद लागला. कुरकुंभच्या कंपनीत मला सुट्टी असली की आम्ही निघायचो. वढूची समाधी झाली, भीमेकाठचा पेडगावचा किल्ला झाला. त्या रविवारी शिरूरमार्गे टाकळी हाजीला गेलो, कुकडीचे कुंड बघायला.

तिथं नदीनं काळ्या खडकात रांजणासारखे खोल खळगे कोरलेत. कानातलं यंत्र भिजायला नको म्हणून आबांनी ते गाडीतच ठेवलं आणि एक चिंचोळी धार ओलांडून मधल्या खडकावर जाऊन बसले. बायको वर झुलत्या पुलावर फोटो काढत होती. एकदम ती ओरडली, "अहो, पाणी वाढतंय! आबांना आणा!"

वरून धरणाचं पाणी सोडलं असणार. धार गढूळ झाली होती. खळग्यांतून गुडगुड आवाज येत होता. मी बोंबलून हाका मारल्या. आबांची पाठ माझ्याकडं. हलायलाच तयार नाहीत.

मी धारेतल्या दगडावर पाय देऊन पलीकडं गेलो, त्यांच्या खांद्याला हात लावला. ते हसून वळले आणि माझं तोंड बघून हसायचे थांबले. मागं पाहिलं तर तो दगड बुडाला होता.

"तू मार उडी," आबा म्हणाले. "तू तरणा हायेस. मी बसतो हितंच."

मी नकारार्थी मान हलवली. मला पोहता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. आम्ही खडकाच्या उंच टोकाला चढलो. मी त्यांचं मनगट धरलं, त्यांनी माझं. पाणी पावलांना लागलं. यांचा पाय घसरला तर मी धरून ठेवीन की हात सोडीन? पाण्यापेक्षा मला त्या प्रश्नाचीच भीती वाटली.

बायकोनं काठावरच्या देवळातून माणसं आणली. त्यांनी लांब लोखंडी शिडी आडवी टाकली आणि त्यातले दोघं तिच्या काठाकडच्या टोकावर बसले.

"आजोबा, खाली बघू नका! रांगत या!" एकजण ओरडला. आबांना काय ऐकू येणार? मी त्यांची हनुवटी धरून तोंड समोर वळवलं. ते लहान मुलासारखे रांगत गेले. मधेच शिडी वाकली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. मग मी गेलो. एकेक गज चाचपत पुढं सरकलो.

काठावर बायकोनं आबांच्या पाठीवर टॉवेल टाकला. शिरूरला चहा घेताना त्यांनी यंत्र कानात बसवलं आणि हळूच विचारलं, "तू लय हाका मारल्या व्हय?"

मी "हो" म्हणालो, पण आवाज फुटलाच नाही. यंत्र बिघडलं असं वाटून ते कानाशी खटपट करत राहिले.