फणसाच्या दारावरची रेल्वे

घराला नवं दार बसवलं तेव्हा जुनं फणसाचं दार जळणात जाऊ नये म्हणून मी त्याच्यावर बसून राहिलो होतो. अक्षरशः बसून. बायको म्हणाली, "अहो उठा, सुतार हसतोय." मी म्हटलं, हसू दे. पुढे वर्षभर ते दार पडवीत दोन लाकडी घोड्यांवर आडवं पडून होतं, आणि मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्याच महिन्यात त्याच्यावर रूळ आले.

तीस वर्षं मी लोट्याला एका केमिकल कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. शिफ्ट, कंपनीची बस, जळलेल्या मोटारी. दुसऱ्यांनी बनवलेली यंत्रं बंद पडायची आणि मी ती चालू करून द्यायचो. कामात मी पक्का होतो, पण मुळापासून स्वतः उभी केलेली एकही वस्तू माझ्याजवळ नव्हती आणि ते मला फार लागायचं. निवृत्त होऊन रत्नागिरीच्या या घरात कायमचा राहायला आलो तेव्हा इथल्या रेल्वेवर विजेच्या तारा आल्या होत्या. मी स्टेशनावर नुसता बघायला जायचो. लोक गाडीकडे बघायचे, मी इंजिनाच्या डोक्यावरच्या पेंटोग्राफकडे. म्हणजे तारेला घासत वीज उतरवून घेणाऱ्या त्या दुमडत्या सांगाड्याकडे. तिथेच ठरलं, माझी रेल्वे तारेवर चालणार.

दार साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद. एवढ्या जागेत मोठ्या रुळांची गाडी वळत नाही, म्हणून नॅरो गेज, म्हणजे अरुंद रूळ, दोन पट्ट्यांत नऊ मिलिमीटर. भाट्याच्या किनाऱ्यावरून निघून डोंगर चढत संगमेश्वरला जाणारी, कधीच कोणी न बांधलेली लाइन मी मनाशी आखली. दारावर संगमेश्वर भाट्यापासून पाच फुटांवर आलं आणि लाइन तिथून गोल वळून परत भाट्याला, त्याला इलाज नव्हता. डोंगर खऱ्या जांभ्याच्या चुऱ्याचा केला. खांब सायकलच्या स्पोकचे. तार जळलेल्या पंख्याच्या मोटारीतली, वरचं वार्निश खरवडून काढलेली. इंजिनाची मोटर आणि चाकं कुरिअरनं मागवली, बाकी सगळं अंग पितळी पत्रा कापून मी केलं. पेंटोग्राफच्या टोकाला मिक्सरच्या मोटारीतला जुना कार्बनचा तुकडा घासून बसवला.

शेजारचे भाऊ पस्तीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये होते आणि ते हे कुणाला विसरू देत नाहीत. रोज संध्याकाळी पडवीत येऊन उभे.

"अरे, रुळांतनं करंट सोड नि मोकळा हो. सगळे तस्संच करतात. वर तार नुसती शोभेला. कुणाला कळणाराय?"

"मला कळेल," मी म्हटलं.

"मग बस खांब मोजत!"

त्यांचं म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग यायचा.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. बायकोच्या माहेरची हापूसची काही कलमं तिच्या वाट्याला आली आहेत आणि आंब्याचा कारभार सगळा तिचा. शिमगा झाला की आमच्या पडवीत आढी पडते, म्हणजे खाली पेंढा, वर आंबे, पुन्हा पेंढा, पिकेपर्यंत. ती जागा दारानं अडवली होती. तिनं एक दिवस कमरेवर हात ठेवून सांगितलं, "होळी पेटायच्या आत तारेवर तीन फेऱ्या काढून दाखवा. लागोपाठ. जमलं तर दार इथे राहील, आढी मी मधल्या खोलीत घालीन. नाही जमलं तर सगळं माळ्यावर."

आमच्या माळ्यावर गेलेली वस्तू परत खाली आलेली मी अजून पाहिलेली नाही. आणि बासष्टाव्या वर्षी एवढं सगळं दुसऱ्यांदा मांडायची उमेद माझ्यात उरली नसती. मी मान हलवली आणि घाबरलो.

पहिली फेरी वळणावरच संपली. सरळ रुळावर गाडी झोकात जायची, वळण आलं की पेंटोग्राफ तारेखालून निसटायचा. चूक माझीच. दोन खांबांमधली तार सरळच जाणार, खालचा रूळ मात्र वळतो. खांब एकमेकांपासून लांब असले की तार वळणाच्या आत राहून जाते. आठ खांबांचे मी वीस केले. मग गाडी एक फेरी पुरी करायला लागली आणि दुसऱ्या फेरीत आचके द्यायला लागली. आमची हवा खारी. तांब्याची तार दोन दिवसांत काळवंडते आणि काळ्या तारेतून वीज नीट उतरत नाही. पॉलिशपेपर लावावा तर तार झिजून तुटायची भीती.

होळीला चार दिवस असताना मला अक्कल सुचली. स्वयंपाकघरात सोलकढीसाठी आगळाची बाटली होती. कोकमाचा आंबट रस तांब्याला कसा चमकवतो हे इथे कुणाला सांगायला नको. कापसाचा बोळा आगळात बुडवून सगळी तार पुसून काढली. अशी लखलखली म्हणता! भाऊंना मुद्दाम हाक मारून दाखवली. गाडीनं एक फेरी विनातक्रार मारली आणि मी मनातल्या मनात दार पडवीत कायमचं ठेवून टाकलं.

सकाळी बघतो तर तार हिरवी. सगळीच्या सगळी. इंजिन जागचं हलेना.

"लोट्याला हेच करायचास होय रे तीस वर्षं?" भाऊ म्हणाले. त्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बायको आली ती "आगळ कोणी संपवलं?" असं विचारत. मग तिनं तार बघितली आणि कपाळाला हात लावला. "अहो, टिकायला मीठ घालतात त्यात! देवाचा तांब्या आगळ लावून मी कधी तसाच ठेवत्ये का? चिंचेनं घासायचा, भरपूर पाण्यानं धुवायचा, लगेच कोरडा करायचा. आणि रोज वापरायचा."

आयुष्य आम्ल नि क्षारांच्या टाक्यांशेजारी काढून मी मीठ विसरलो होतो. मला खरोखर लाज वाटली. त्या दिवशी ती चिंचेचं नि मग पाण्याचं फडकं घेऊन पुढे आणि मी कोरडं फडकं घेऊन मागे, असे आम्ही दाराभोवती फिरलो. तार एका ठिकाणी तुटली, ती मी डाग देऊन जोडली. मग तिच्या म्हणण्याप्रमाणे रोज सकाळ-संध्याकाळ गाडी रखडत का होईना, चालवत राहिलो. कार्बन घासून घासून तारेला आपोआप झिलई यायला लागली आणि आचके कमी झाले.

होळीच्या दिवशी सकाळी बायको पाटावर बसली, भाऊ नेहमीसारखे पडवीत उभे राहिले. मी बटण फिरवलं. पहिली फेरी. दुसऱ्या फेरीत गाडी जुन्या वळणावरूनही सुरळीत गेली. डोंगर चढली, संगमेश्वर ओलांडलं, भाट्याला आली. तिसरी. मी मोठ्यानं ओरडलो. बासष्ट वर्षांचा माणूस ओरडावा तसा नाही, शिमग्यात ओरडतात तसा.

"रुळांत करंट दिलायस तू चोरून," भाऊ म्हणाले.

"पेंटोग्राफ खाली दाबा आणि बघा."

त्यांनी एक बोट नेलं. पेंटोग्राफ तारेपासून सुटला तशी गाडी जागीच थांबली. बोट काढलं, चालू. पुन्हा दाबलं, थांबली. चार वेळा केलं त्यांनी, आणि पाचव्यांदा हसले. "तारेवर चालतंय रे खरंच," ते म्हणाले, तेही अगदी हळू.

हे मी केलं होतं. बिघडलेलं दुरुस्त केलेलं नाही, आधी नव्हतं आणि आता होतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

बायको उठून दाराशी आली. "भाऊजी, बाजूला व्हा, गाडी येत्ये," असं म्हणत तिनंही एकदा पेंटोग्राफ दाबला, गाडी डोंगरावर अडवून धरली, मग सोडली. गाडी पार वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. मग माझ्याकडे वळून नेहमीच्या हुकमी आवाजात म्हणाली, "पेंढा मागच्या दारानं आत न्या. पडवीतनं नेऊ नका, तारेवर धूळ बसेल."