बंद दारापुढचं गाऱ्हाणं

"काकू, आई गेली..." रत्नागिरीच्या दवाखान्यातून शालूवैनींच्या लेकीचा फोन आला, तेव्हा मी नळाखाली हंडा लावत होते. हंडा भरून वाहायला लागला तरी मला भान नाही. शेजारच्या पडवीत वैनी असत्या तर ओरडल्याच असत्या, "नळ बंद कर गो! त्या पाण्यासाठी घसा फोडलाय मी!"

खरंच फोडला होता हो! आमच्या छोट्या शहराची नगरपालिका म्हणजे तिजोरीत खडखडाट आणि सभेत हमरीतुमरी. शेवटी सरकारनं ती बरखास्त करून प्रशासक बसवला. वैनी आमच्या नगरसेविका, त्या एका दिवसात नुसत्या शेजारीण झाल्या. तरी सकाळी त्यांच्या पडवीतल्या बाकावर माणसं यायचीच. "पद गेलं, कान आहेत ना!" म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, या प्रशासक साहेबांनी बाजारातला कचरा हलवला, तेव्हा बरंही वाटलं. पण आमच्या वरच्या आळीचा नळ आटला तो आटलाच. साहेबांकडे दोन गावांचा कारभार. कधीही जा, दार बंद. बायका घाटीच्या उभ्या पायऱ्या उतरून विहिरीवर जायला लागल्या आणि पालिकेत जायच्याच थांबल्या. वैनींनी धास्ती घेतली ती याची. "पाणी आज ना उद्या येईल गो. पण मागायची सवयच गेली तर?"

एका सकाळी आम्हा सगळ्यांना घेऊन त्या निघाल्या. साहेबांच्या बंद दारापुढे नारळ-विडा ठेवला आणि देवळात पुरुष घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं सुरू! "बा साहेबा महाराजा, वरच्या आळीची लेकरं आज तुझ्या दारात उभी आहेत रे महाराजा..." "होय महाराजा!" आम्ही. "त्यांचे हंडे भरून दे रे महाराजा..." "होय महाराजा!" या खेपेला आवाज दुप्पट! वळून बघते तर काय, सगळे कारकून सवयीनं हात जोडून उभे! शिपाई तर डोळे मिटून!

दार उघडलं. साहेब देशावरचे, गोंधळलेच. "हा काय प्रकार?"

"गाऱ्हाणं, साहेब," वैनी म्हणाल्या. "जो दिसत नाही त्याच्याशी आम्ही असंच बोलतो."

साहेब आधी लाल झाले, मग हसले. नारळ उचलून म्हणाले, "चला, दाखवा नळ." घाटी चढून दम लागला तसे वैनींच्या बाकावर टेकले. त्याच आठवड्यात पाणी आलं!

काल वरची पाइपलाइन फुटली, नळ पुन्हा आटला. मी सवयीनं वैनींकडे निघाले, अर्ध्या वाटेत आठवलं... तरी गेले. तर बाकावर आळीतल्या चौघीजणी आधीच बसलेल्या! सरकून मला जागा दिली. "काकू, गाऱ्हाणं कोण घालणार तेवढं ठरत नाहीये."

"मी घालीन," कधी बोलून गेले कळलंच नाही.

आणि चौघी एका सुरात, "होय महाराजा!"